सत्र चालवणाऱ्याचे पहिले काम : उठून जाण्याची वाट मोकळी ठेवणे

ज्या संमेलनात वक्ते, विषय आणि वेळापत्रक आधी ठरलेले नसते, सकाळी जमलेली माणसेच कोऱ्या तक्त्यावर आपापले विषय चिकटवतात आणि दिवसभराचा कार्यक्रम तिथल्या तिथे उभा राहतो, त्याला अनकॉन्फरन्स म्हणतात. पुण्यामुंबईच्या संगणक क्षेत्राला हा प्रकार बारकॅम्पमुळे परिचित आहे. मूळचा बारकॅम्प ऑगस्ट २००५ मध्ये कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे जेमतेम आठवडाभराच्या तयारीत भरला आणि ती पद्धत पुढे जगभर पसरली. अशा ठिकाणी सत्रे चालवायला मला आवडते, आणि त्याविषयीचे माझे मत असे की या पद्धतीचा सर्वांत महत्त्वाचा नियम आपल्याकडे नुसता वाचून दाखवल्याने लागू होत नाही. सत्र चालवणाऱ्याला तो अमलात येईल अशी सोय करावी लागते.

तो नियम हॅरिसन ओवेन या अमेरिकी सल्लागारांचा. १९८३ मध्ये त्यांनी वर्षभर खपून अडीचशे लोकांची एक आंतरराष्ट्रीय परिषद भरवली. पण सर्वांत चांगले काय झाले, तर मधल्या वेळातील कॉफी, असे येणाऱ्यांचे आणि खुद्द त्यांचेही मत पडले. त्यातून १९८५ मध्ये त्यांनी, जमलेल्यांनीच कार्यक्रम ठरवायचा, अशी ‘ओपन स्पेस’ ही पद्धत वापरून पाहिली. तिच्यात दोन पायांचा नियम आहे: जिथे आपण काही शिकत नाही आणि काही देतही नाही, तिथून उठून दुसरीकडे जावे.

आता हा नियम आपल्या सभागृहात आणून पाहा. बोलणारी व्यक्ती वयाने किंवा पदाने मोठी असेल, तर तिच्यासमोरून उठणे म्हणजे तिचा अपमान, हे आपल्याला शाळेपासून पक्के ठाऊक असते. त्यामुळे कंटाळलेली माणसे उठत नाहीत, मान खाली घालून मोबाइल पाहत राहतात. बोलणाऱ्याला वाटते, सगळे बसले आहेत म्हणजे विषय रंगला आहे. म्हणून मी खुर्च्या वर्तुळात मांडताना दाराच्या बाजूला ऐसपैस जागा सोडतो आणि गटातील एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीला आधीच बाजूला घेऊन विनंती करतो की, अर्ध्या वेळाने आपणच उठून शेजारच्या सत्रात डोकावून यावे. ज्येष्ठ उठले की इतरांना आपोआप मुभा मिळते. ही युक्ती कोणाला नाटकी वाटेल, वाटो बापडी.

दुसरी गोष्ट प्रश्नाची. सत्र मांडणाऱ्याने स्लाइड आणू नयेत. ज्याचे उत्तर त्याला खरोखरच हवे आहे, असा एक प्रश्न आणावा. युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरांची सामायिक संकेतपद्धत, येण्यापूर्वीच्या काळातील मराठी पुस्तकांच्या फायलींचे काय करायचे, या विषयावर मी एक सत्र घेतले होते. ‘जुन्या साहित्याचे जतन’ असे भारदस्त शीर्षक देण्याऐवजी तक्त्यावर लिहिले होते, ‘जुनी फाइल उघडल्यावर तुमच्याकडे नेमके काय बिघडते?’ सुरुवातीला शांतता पसरली. अशा वेळी चालवणाऱ्याने स्वतःच बोलून ती भरून काढण्याचा मोह आवरला पाहिजे. मग ‘फक्त दोनच मिनिटे घेतो’ म्हणत एका निवृत्त अभियंत्यांनी संगणकाच्या इतिहासापासून आरंभ केला. त्यांचे वाक्य पूर्ण होताच मी म्हणालो, “सर, फॉन्ट बदलला की अक्षरे बदलतात, हा आपला मुद्दा फळ्यावर घेतो. हा अनुभव रोज कोणाला येतो?” तेव्हा कोपऱ्यातील एक डीटीपी करणाऱ्या बाई बोलल्या. जुनी फाइल युनिकोडमध्ये आणल्यावर ‘सुऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला अर्धा र कसा बिघडतो, शोधा-आणि-बदला करताना त्यामुळे भलतेच शब्द कसे बदलतात आणि मग प्रत्येक पान पुन्हा मूळ छापील प्रतीशी कसे ताडावे लागते, हे त्यांनी लॅपटॉप वळवून दाखवले. पुढचा सगळा वेळ त्या पडद्याभोवतीच गेला. बाईंना कोणी वक्ता म्हणून बोलावले नसते, आणि बोलावले असते तरी त्या आल्या नसत्या.

तज्ज्ञांशिवाय चर्चा म्हणजे गप्पांचा फड, असा आक्षेप घेतला जातो आणि काही विषयांत तो खराही आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या उपविधींवर मला जाणकाराचे व्याख्यानच हवे. तिथे चार जणांचे अंदाज ऐकून नुकसानच व्हायचे. परंतु जिथे काम रोज हाताने करणाऱ्यांकडेच माहिती साठलेली असते आणि ती कुठे लिहिलेली नसते, तिथे व्यासपीठ, प्रास्ताविक आणि प्रमुख पाहुण्यांचा परिचय यांत निम्मा वेळ घालवणे मला परवडत नाही.

नोंदी ठेवण्याचे काम मात्र सत्र मांडणाऱ्याने स्वतःकडे घेऊ नये. त्याच्या नोंदीत त्याला आधीपासून पटलेलेच मुद्दे अधिक उतरतात. ते काम मी सहसा विषयाला नवख्या असलेल्या माणसाला देतो. न कळलेली गोष्ट तो पुन्हा विचारतो, आणि मग ती सर्वांसमोर एकदा नीट सांगावीच लागते.