संग्रहालयाची बाहेरची छायाचित्रे भर उन्हातच काढावीत

इमारतीचे छायाचित्र पहाटे किंवा सूर्यास्ताच्या सुमारास काढावे, दुपारचे ऊन त्यासाठी निरुपयोगी असते, हा सल्ला कॅमेरा हाती घेणाऱ्या प्रत्येकाला अगदी सुरुवातीलाच मिळतो. इतर प्रदेशांविषयी मी बोलत नाही. परंतु आपल्या खानदेशातील कलासंग्रहालयांच्या बाबतीत हा सल्ला पाळू नये, असे माझे मत बरीच वर्षे इमारतींची छायाचित्रे काढल्यानंतर पक्के झाले आहे. चाळीसगावचे केकी मूस कलादालन असो किंवा धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाचे वस्तुसंग्रहालय असो, पाहणारा माणूस तेथे जातो तो दिवसा, दार उघडे असताना. ज्या सोनेरी प्रकाशात आपण या वास्तूंची छायाचित्रे काढून मिरवतो, त्या प्रकाशात त्या बहुतेक वेळा बंद असतात.

केकी मूस (१९१२–१९८९) यांच्या कलादालनाचा विचार मी मुद्दाम करतो. चाळीसगाव रेल्वे स्थानकाजवळच्या बंगल्यात या छायाचित्रकाराने आयुष्याची कित्येक दशके जवळजवळ घराबाहेर न पडता काढली. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून, त्यांच्यावर हवा तसा प्रकाश पाडून, एखादे विस्तीर्ण निसर्गदृश्य वाटावे असे छायाचित्र ते तयार करीत. पंजाब मेलने येणाऱ्या प्रेयसीची त्यांनी वाट पाहिली, ही कथा आपल्याकडे सर्वांना पाठ आहे आणि कलादालनाबाहेर उभे राहून काढलेली पुष्कळ छायाचित्रे त्या कथेपुरतीच काढलेली असतात. मला मात्र त्या वास्तूकडे पाहताना प्रकाशाचा विचार अधिक महत्त्वाचा वाटतो. आत बसून ज्याने सावलीचा प्रत्येक काठ स्वतः ठरवला, त्याच्या घराच्या बाहेरच्या भिंतीवर वैशाखात कोणता प्रकाश पडत होता, हे दाखवणे आपले काम आहे. पंचेचाळीस अंशांच्या दुपारी तो बंगला कसा दिसतो हे कळल्याशिवाय आतला अंधार आणि आतला थंडावा यांची किंमत कळत नाही.

दुपारचा प्रकाश इमारतीला सपाट करतो, असे म्हटले जाते. आपल्या अक्षांशावर मे महिन्यात घडते ते याच्या नेमके उलट. चाळीसगाव साधारण साडेवीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस, दुपारी साडेबाराच्या सुमारास, सूर्य जवळजवळ नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्या पायाशीच विरते. अशा वेळी ऊन भिंतीवर समोरून आदळत नाही, ते वरून खाली भिंतीला घासत उतरते. दगडाचा जरासा पुढे आलेला कंगोरा, गिलाव्याचा पोपडा, खिडकीवरची पट्टी, या प्रत्येकाची लांब सावली खाली ओघळते. सकाळच्या कोवळ्या उन्हात न दिसणारा भिंतीचा पोत या घटकाभरात जितका स्पष्ट दिसतो, तितका वर्षभरात क्वचितच दिसतो. छज्जा किती खोल आहे आणि तो भिंतीचा किती भाग वाचवतो, हेही त्याच वेळी मोजता येते. त्यानंतर जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत मध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो, म्हणून हिवाळ्यात दिवसभर सावलीत राहणारी उत्तरेकडची भिंत उन्हाळ्यात उजळते. ज्यांना त्या बाजूचे छायाचित्र हवे असेल त्यांनी पावसाळी ढग येण्यापूर्वीचे दिवस साधावेत. डिसेंबरात तेथे ऊन मिळणार नाही.

हे ऊन छायाचित्रात उतरवणे सोपे नाही, हे मान्य आहे. चुन्याची पांढरी भिंत आणि ओसरीतील सावली यांच्या उजेडातील फरक इतका मोठा असतो की दोन्ही एकाच वेळी सांभाळता येत नाहीत. मी भिंत सांभाळतो आणि सावलीला काळी राहू देतो. आजचे मोबाइल अनेक छायाचित्रे एकत्र जोडून सावली आपोआप उजळवतात. त्या छायाचित्रात सर्व काही दिसते, फक्त ऊन दिसत नाही. ती सोय बंद करता येत असेल तर बंद करावी, नाही तर मोबाइलच्या पडद्यावर दिसणाऱ्या भिंतीवर बोट ठेवून उजेड कमी करून घ्यावा. दुसरी अडचण अंतराची आहे. लांबून मोठ्या लेन्सने टिपावे तर तापलेल्या डांबरावरच्या झळांमुळे रेषा थरथरतात. अगदी जवळ जाऊन कॅमेरा वर उचलावा तर भिंती मागे कलल्यासारख्या होतात. समोरच्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर जाण्याची परवानगी मिळाली, तर कॅमेरा सरळ धरून दोन्ही दोष टाळता येतात. मोबाइल तापून बंद पडू नये म्हणून दोन छायाचित्रांच्या मधल्या वेळेत तो सावलीत ठेवावा. एका बाबतीत आपण कोकणापेक्षा सुखी आहोत: हवा इतकी कोरडी असते की गार खोलीतून बाहेर आल्यावर लेन्सवर बाष्प सहसा धरत नाही. डोक्याला रुमाल आणि जवळ पाणी हवेच, आणि घाम येणे थांबले किंवा डोके गरगरू लागले तर त्या क्षणी काम सोडून सावलीत जावे. कोणतेही छायाचित्र उष्माघात ओढवून घेण्याइतके मोलाचे नाही.

बाहेरच्या छायाचित्राला आपण दुय्यम मानतो, हे मला खरोखर खटकते. अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करण्यात आयुष्य घालवणारा रॉबर्ट गिल भुसावळात चिरविश्रांती घेत आहे. त्याने रंगवलेल्या प्रतिकृतींपैकी बऱ्याच १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत नष्ट झाल्या, पण लेण्यांची त्याने काढलेली छायाचित्रे मागे राहिली आणि आज अभ्यासकांना त्यांचा आधार आहे. आपल्या गावातील संग्रहालयांच्या बाहेरच्या भिंतींची अशी नोंद कोणी ठेवली आहे का, याचा शोध घ्यावा.

आणि ही नोंद खरी असावी. विजेच्या तारा, दाराशी लावलेल्या दुचाकी, समोरचा फलक हे सारे चौकटीत राहू द्यावे. विशेषतः माणसे कोठे उभी राहतात ते दिसू द्यावे. भर दुपारी काढलेल्या छायाचित्रात शाळेच्या सहलीतील मुले भिंतीलगतच्या हातभर सावलीत दाटीने उभी दिसली, तर दाराबाहेर एक मांडव, एक बाक आणि पाण्याचा माठ हवा हे व्यवस्थापनाला वेगळे सांगावे लागणार नाही. सूर्यास्ताचे छायाचित्र पाहून बाहेरगावचे वृद्ध गृहस्थ मे महिन्यात दुपारी दोन वाजता येथे उतरतात, तेव्हा त्या सुंदर छायाचित्राने त्यांची दिशाभूल केलेली असते. संग्रहालयांनी आपल्या माहितीपत्रकात दुपारचे एक तरी छायाचित्र, महिना आणि वेळ नमूद करून, अवश्य छापावे.

चाळीसगाव, धुळे, जळगाव, नंदुरबार परिसरातील मित्रांना विनंती आहे की आपल्या घरच्या अल्बममध्ये या वास्तूंची बाहेरून काढलेली जुनी छायाचित्रे असतील, तर ती कापून किंवा उजळवून न देता जशी आहेत तशी येथे द्यावीत. मागच्या बाजूला तारीख लिहिलेली असेल तर तीही द्यावी. नसेल तरी हरकत नाही; भिंतीची दिशा ठाऊक असली की सावलीवरून ऋतू आणि वेळ यांचा अंदाज आपण सर्व मिळून बांधू.