प्लॉट, वीज, पाणी आणि माटुंगा

गेल्या काही दिवसांत एक पोस्ट माझ्याकडे तीन-चार ग्रुपवरून आली. म्हणणं थोडक्यात असं: विद्यापीठामुळे कुठल्याही भागात उद्योग येत नाहीत, जमीन-वीज-पाणी आणि करसवलत द्या, ते आपोआप येतात. प्राध्यापक नुसते पेपर छापतात, शिकलेली पोरं गाव सोडून जातात. तेव्हा विद्यापीठांचा पैसा आयटीआयला द्या. लिहिणाऱ्याची तळमळ खरी आहे. पण माझी सगळी नोकरी रसायन कारखान्यांत गेली, त्यामुळे गप्प बसवत नाही.

जमीन-वीज-पाणी लागतंच. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली नसती तर तारापूर आणि लोटे इथल्या औद्योगिक वसाहती आजच्यासारख्या दिसल्या नसत्या. पण मुंबई विद्यापीठानं रसायन तंत्रज्ञानाचा विभाग काढला तो त्याच्या एकोणतीस वर्षं आधी, १९३३ मध्ये. आम्ही त्याला यूडीसीटी म्हणायचो, आता आयसीटी. आज ती माटुंग्याला आहे. तेव्हा मुंबईत गिरण्या जोरात होत्या, पण त्यांना लागणारा रंग बोटीनं परदेशातून यायचा. विभागानं सुरुवातच कापड रसायन आणि रासायनिक अभियांत्रिकी या दोन विषयांनी केली. पुढे प्लॉट वाटले गेले, तेव्हा त्यावर प्लांट उभा करणारी माणसं तयार होती. नुसत्या सवलतीवर आलेले कारखाने सवलतीची मुदत संपली की शेडला कुलूप लावून निघून जातात, हेही मी पाहिलंय.

आता पेपरचा मुद्दा. तारापूरच्या एका कारखान्यात मी शिफ्ट बघायचो. आमची नायट्रेशनची (नायट्रिक अ‍ॅसिडची क्रिया, तिच्यात खूप उष्णता निघते) बॅच प्रयोगशाळेत दर वेळी छान यायची, मोठ्या रिअ‍ॅक्टरमध्ये मात्र तापमान अचानक उसळायचं आणि माल काळा पडायचा. भांडं लांबी-रुंदी-उंचीला दहापट केलं की आतला द्रव हजारपट होतो, पण उष्णता बाहेर काढणारी भिंत फक्त शंभरपट. एवढं आम्हालाही कळत होतं, म्हणून भांड्याभोवतीच्या जॅकेटमध्ये ब्राइन, म्हणजे थंड खारं पाणी, वाढवत बसलो. शेवटी मालकांनी माटुंग्याहून एका सरांना बोलावलं. ते बोईसरला उतरून सरळ प्लांटवर आले आणि चहा मागितला. ग्लासात चमचा गोल फिरवला तर नुसता भोवरा झाला, पावडर तळाशी मधोमध गोळा झाली. मग ग्लासच्या कडेला दुसरा चमचा उभा धरून पुन्हा फिरवला. भोवरा मोडला, सगळं ढवळलं गेलं. आमच्या रिअ‍ॅक्टरला आतून असा भोवरा मोडणाऱ्या उभ्या पट्ट्याच (बॅफल) नव्हत्या. अ‍ॅसिड तळाला साचत होतं आणि मग त्याची एकदम क्रिया होत होती. पट्ट्या बसवल्या, अ‍ॅसिड सोडायचा वेळ वाढवला आणि बॅच सुधारली. त्या शिफ्टला आम्ही सहाजण रिअ‍ॅक्टरपाशी उभे असायचो. एखाद्या दिवशी तापमान आणखी वर गेलं असतं तर काय झालं असतं, हा विचार आजही येतो.

सरांना हे पेपरांमुळेच माहीत होतं. एकमेकांत न मिसळणारे दोन थर, किंवा वायू आणि द्रव, एकत्र आणून रासायनिक क्रिया घडवताना ढवळण्याचा वेग काय करतो, हा माटुंग्याच्या अभ्यासाचा गाभाच होता. प्रा. मनमोहन शर्मा केंब्रिजमधून पीएच.डी. करून १९६४ मध्ये तिथे प्राध्यापक झाले, तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते. तिथल्या शिक्षकांचं कारखान्यांत जाणं-येणं असायचं आणि कारखान्यातला प्रश्न पुढच्या संशोधनाचा विषय व्हायचा. १९९० मध्ये शर्मांना रॉयल सोसायटी या ब्रिटनच्या नामांकित विज्ञान संस्थेचं सदस्यत्व मिळालं ते याच कामासाठी.

पोरं गाव सोडतात, हे खरं आहे. यूडीसीटीत शिकलेल्या अंजी रेड्डींनी १९८४ मध्ये औषधांची कंपनी काढली ती हैदराबादला. दुसरीकडे अश्विन दाणी अमेरिकेतून शिकून परतले आणि एशियन पेंट्समध्ये मुंबईतच राहिले. पोरगं कुठे राहील हे आजूबाजूला त्याच्या कामाचे कारखाने आहेत का यावर ठरतं. विद्यापीठ बंद केल्यानं ते थांबणार नाही, उलट आणखी लवकर जाईल.

आणि आयटीआय की विद्यापीठ, हे भांडण कशासाठी? इंग्लंडमधलं शेफील्ड पोलादाचं गाव. तिथल्या ऑरग्रीव्हच्या कोकिंग प्लांटसमोर (कोळशापासून भट्टीचा कोक बनवायचा कारखाना) १९८४ मध्ये संपकरी खाणकामगार आणि पोलिसांची मोठी चकमक झाली, नंतर खाणीही गेल्या. त्याच परिसरात २००१ मध्ये शेफील्ड विद्यापीठानं विमानं बनवणाऱ्या बोईंगबरोबर उत्पादन तंत्रज्ञानाचं संशोधन केंद्र काढलं. टायटॅनियमसारखे कठीण धातू लवकर आणि अचूक कसे कापायचे, असले प्रश्न तिथे सोडवतात. त्याच केंद्रानं पुढे शिकाऊ कामगारांसाठी प्रशिक्षण केंद्रही उभं केलं. म्हणजे पीएच.डी.वाला आणि मशीनवर हात बसवणारं पोरगं एकाच छत्राखाली. २०१८ मध्ये बोईंगनं युरोपातला आपला पहिला कारखाना शेफील्डला सुरू केला.

आपल्याकडे जालन्यात २०१८ पासून आयसीटीची शाखा आहे. गावात स्टीलच्या रोलिंग मिल आहेत, बियाण्यांच्या कंपन्या आहेत, एमआयडीसी आहे. पोस्ट पुढे पाठवणाऱ्या जालनेकरांनी एकदा चौकशी करावी की गेल्या वर्षभरात किती मिलमालक आपली अडचण घेऊन त्या शाखेच्या दारात गेले, आणि तिथले किती सर भट्टीपाशी येऊन उभे राहिले. आकडा छोटा निघाला तर मिलमालकांना घेऊन शाखेत जा, मीही येतो.