विजेच्या तारेत स्टील का असतं? एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचं म्हणणं असं की तांब्याची तार टाकायची सोडून स्वस्तातलं ॲल्युमिनियम आपल्या गळ्यात मारलं, त्यात परत स्टील घालून वीज अडवली, वरनं प्लॅस्टिकसुद्धा नाही, असल्या तारांनी तुमचा ऊस जळतो, आणि मी मात्र वीजवाल्यांची वकिली करतो. रागावू नका, पण मला हे पटत नाही.

ॲल्युमिनियम स्वस्त आहे हे खरंच, पण जी तार टांगायची तिचं वजन आधी बघावं लागतं. ते तांब्याच्या साधारण 61 टक्केच वीज वाहतं, म्हणून तार जाड घ्यावी लागते, तरीपण तेवढ्याच कामाला वजन तांब्याच्या निम्मंच भरतं. पोलवरची ओढ तेवढी कमी होते.

आता स्टील. शेतातनं जाणाऱ्या 11 केव्हीच्या, म्हणजे 11 हजार व्होल्टच्या लाइनला बऱ्याचदा रॅबिट नाहीतर वीझल असते, तारांना अशी प्राण्यांचीच नावं आहेत. रॅबिटचा भंगारातला तुकडा मिळाला तर टोक बघा, मध्ये जस्त चढवलेली स्टीलची एकच तार आणि भोवती पीळ घातलेल्या ॲल्युमिनियमच्या सहा, सातही 3.35 मिलिमीटरच्या. पीळ उलगडून लोहचुंबक लावा, फक्त मधलीच चिकटेल. ती विजेच्या वाटेत आडवी नाहीच, शेजारनं जाते, वीज जवळपास सगळी ॲल्युमिनियममधनं जाते आणि ताण सहन करायला स्टील. आपल्याकडं मे महिन्यात 43-44 अंश ऊन, त्यात लोड, तार अजून तापते. ॲल्युमिनियम स्टीलच्या दुप्पट प्रसरण पावतं, नुसतं तेच असतं तर झोळ बघवला नसता. 31 डिसेंबर 2013 ला रायचूर-सोलापूर ही 765 केव्हीची लाइन चालू झाली आणि दक्षिणेचं ग्रिड देशाच्या ग्रिडला जोडलं गेलं, अशा मोठ्या लाइनलासुद्धा एकेका फेजला स्टीलच्या गाभ्याच्याच तारांचे जुडगे असतात.

प्लॅस्टिकचं म्हणाल तर उघड्या तारेला हवा हेच इन्सुलेशन, पोलपाशी चिनी मातीचे नाहीतर पॉलिमरचे इन्सुलेटर. कव्हर घातलं की वजन आणि खर्च दोन्ही वाढतात, आणि मोठ्या व्होल्टेजला ते झेपतच नाही. दाट वस्तीत, आकडे टाकतात तिथं, घरगुती लाइनला कव्हरवाली एबी केबल, म्हणजे कव्हर घातलेल्या तारांचा एकत्र पिळलेला जुडगा, टाकतातच की, आणि ती अजून टाकावी असं माझंही मत आहे.

तुमच्या उसाचं मात्र शंभर टक्के बरोबर. ढिल्या तारा वाऱ्यानं एकमेकींना घासतात, ठिणगी पडते आणि वर्षाचं पीक तासाभरात जळतं. पण त्याचं कारण धातू नाही हो, वाकलेला पोल, न ओढलेली तार आणि न छाटलेल्या फांद्या. तांब्याची तार असती तरी हेच झालं असतं. म्हणून भांडायचं तर देखभालीवर भांडा, मी तुमच्या बाजूनं आहे. पोल नंबर आणि डीपीचं (ट्रान्सफॉर्मरचं) नाव घालून लेखी अर्ज द्या, पोच घ्या, फोटो जोडा, आणि तोवर कुणी बांबूनं तार वर ढकलायला जाऊ नका, सुका दिसणारा बांबूसुद्धा 11 केव्हीला अडवत नाही.