कंदिलात पेट्रोल ओतायला सांगणारा तो मेसेज

‘कंदील : आपला विसरलेला वारसा’ या मथळ्याचा एक मेसेज दिवाळीच्या तोंडावर पुन्हा फिरू लागलाय. खाली ‘किमान दहा जणांना पाठवा’ आहेच. एरवी मी असलं काही उघडतही नाही. पण परवा मावशीचा फोन आला. तिच्या गावात संध्याकाळी वीज जाते. मेसेज वाचून तिने माळ्यावरचा कंदील उतरवला, काच राखेने घासली, नवी वात घातली आणि मला विचारलं, “रॉकेल कुठंच मिळेना गं, त्यात लिहिलंय तसं पेट्रोल चालेल ना?” तिचा नातू त्याच खोलीत झोपतो.

नाही चालत. थेंबभरही नाही.

मेसेजमधलं वाक्य असं: ‘रॉकेल कमी पडल्यास निम्मे पेट्रोल मिसळावे, काजळी धरत नाही व उजेड दुप्पट पडतो.’ हे ज्याने लिहिलं त्याने कंदील कधी हातात तरी धरलाय का? कंदिलाची टाकी ज्योतीच्या बरोबर खाली असते. बाजूच्या नळ्यांतून हवा बर्नरपर्यंत उतरते, वात जळत राहते आणि काही वेळाने टाकीचा पत्राही कोमट लागतो. रॉकेल हे सोसतं, कारण ठिणगीने पेटेल इतकी वाफ त्यातून निघायला साधारण 38 अंश सेल्सियस किंवा त्याहून जास्त तापमान लागतं. पेट्रोलला तेवढ्यासाठी उणे 40 च्या आसपासचं तापमानही पुरतं. म्हणजे आपल्याकडे कडाक्याच्या थंडीतही पेट्रोल पेटायला तयारच असतं. ही वाफ झाकणाच्या फटीतून, वातीच्या कडेने बाहेर येते, हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते आणि ज्योत तिथेच दोन बोटांवर असते. निम्मं रॉकेल आहे म्हणून धोका निम्मा होत नाही. थोडं पेट्रोल पडलं तरी ते मिश्रण रॉकेलसारखं वागत नाही. पेट्रोलवर चालणारे दिवे असतात, पण त्यांची टाकी बंद आणि दाबाची असते, रचनाच निराळी. ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील घ्या नाहीतर दुसरा कुठलाही वातीचा कंदील घ्या, तो रॉकेलसाठी घडवलेला आहे. कुणी पेट्रोल भरून ठेवलंच असेल तर तो पेटवू नका, घराबाहेर न्या, आणि ते मोरीत ओतू नका.

पुढचा सल्ला याच तोलाचा: ‘रात्री दारे-खिडक्या लावून मंद कंदील ठेवावा, धुराने डास मरतात, बाळाला ऊब मिळते.’ बंद खोलीत ज्वलन अपुरं झालं की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. झोपलेल्या माणसाला कळतही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2014 मध्ये घरातल्या इंधनांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत घरात रॉकेल जाळणं टाळावं असं स्पष्ट म्हटलंय. इथे शुद्ध रॉकेलबद्दलच हे सांगितलंय, आणि आपण त्यात पेट्रोल मिसळून बाळाच्या उशाशी ठेवायचं? डासांसाठी मच्छरदाणी लावा. वीज गेल्यावर चार्जिंगचा दिवा लावा.

कंदिलाच्या उजेडात वाचून चष्मा जातो, हे साफ खोटं. यावर जास्त शब्द घालवत नाही.

‘कंदील हा शुद्ध संस्कृत शब्द’ हेही चूक. तो अरबी ‘किंदील’वरून आला, आणि अरबीत तो ग्रीकमार्गे लॅटिन ‘कांदेला’वरून, म्हणजे मेणबत्तीवरून. तुर्कस्तानात मिनारांवर दिवे लावायच्या पवित्र रात्रींनाही ‘कांदिल’च म्हणतात. एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते: त्या लॅटिन शब्दामागचा चमकण्याचा धातू आणि आपला ‘चंद्र’ एकाच प्राचीन मुळातून आलेत. पण चुलत नातं म्हणजे जन्म नव्हे.

शेवटचा मुद्दा उडत्या कंदिलांचा. मेसेज म्हणतो, हेच आपले आकाशदीप. आकाशदीपाची परंपरा जुनी आहे, खरी आहे. काशीच्या घाटांवर कार्तिकात पितरांसाठी उंच बांबूंवर टोपल्यांतून दिवे चढवतात ते हेच. पण तो दिवा बांबूला बांधलेला असतो, खाली उतरवता येतो. आग लावून हवेत सोडायचा कागदी कंदील चीनकडचा आहे. जर्मनीत क्रेफेल्डच्या प्राणिसंग्रहालयात 2020 च्या नववर्षाच्या रात्री अशाच कंदिलांनी वानरांचं घर पेटलं आणि तीसहून अधिक प्राणी होरपळून मेले. मुंबई पोलिसांनीही या कंदिलांच्या विक्रीवर आणि वापरावर बंदीचे आदेश वेळोवेळी काढलेत. कोकणात तर दिवाळीच्या सुमारास भात कापून खळ्यात आलेलं असतं आणि पेंढ्याच्या उडव्या घरालगत रचलेल्या असतात. तिथे हे कंदील सोडू नका, आणि तो मेसेजही पुढे पाठवू नका.