हडपसरची दुसरी लढाई

इंदूरला उतरलो तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले होते. डिसेंबरची थंडी, त्यात रात्रभर बसमध्ये अवघडून बसलेलो. अशा माणसाच्या अपेक्षा फार नसतात. तोंड धुवायला गरम पाणी, कपभर चहा आणि जमलं तर तासभर पाठ टेकायला जागा. बायकोच्या मावशीचे यजमान, म्हणजे काका, कानाला मफलर गुंडाळून न्यायला आले होते. त्यांनी माझ्या हातातली बॅग घेतली, प्रवासाची चौकशी केली आणि गाडी घराकडे वळवायच्या ऐवजी एका पोहेवाल्यासमोर उभी केली.

"मावशीनं घरी पोहे केलेच आहेत," काका म्हणाले. "पण ते घरचे. आधी हे खा."

पोहेवाल्याची परात उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ठेवलेली होती. पोहे सगळे वाफेवर, तेलाचा हात आखडता, मधूनच दाताखाली बडीशेप. वर कांदा, कोथिंबीर, मूठभर सेव आणि जीरावन नावाचा एक तपकिरी मसाला, जो इंदूरची माणसं जगातल्या कुठल्याही पदार्थावर भुरभुरवू शकतात. बशीच्या कडेला गरम जिलेबी. पुण्यात पोह्यांबरोबर जास्तीत जास्त लिंबाची फोड मिळते, आणि तीही मागितली तर. इथे काका पोहेवाल्याला सांगत होते, "भिया, मेहमान पुने से आए हैं, जीरावन ज़रा हाथ खोल के." त्यानं हात खोलला. मी तोंड उघडलं. खरं सांगतो, पोहे फर्मास होते. दुसरी बशी मी स्वतः मागितली.

पुढच्या तीन दिवसांत मी स्वतःहून काही मागितल्याची ती शेवटची वेळ.

घरी पोहोचल्यावर मावशींनी पाट मांडून, रांगोळी काढून पोहे वाढले. बायको म्हणाली, "मावशी, मला अगदी दोन चमचे." तिला दोनच चमचे मिळाले. भाची आहे, तिला नाही म्हणता येतं. मी जावई. जावयानं नको म्हणणं हा मराठी घरात आग्रहाचा प्रारंभ समजला जातो, आणि इंदूरचं मराठी घर या बाबतीत आपल्यापेक्षा शंभर वर्षं मागे, किंवा पुढे, आहे. अधिक महिना असता तर अनारशांचं मी समजू शकलो असतो. पण साध्या मार्गशीर्षात जावयाची ही अवस्था?

"राहता कुठे म्हणालात पुण्यात?" काकांनी विचारलं.

"हडपसरला."

काकांचा हातातला डाव हवेतच थांबला. ते शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले आहेत हे बायकोनं मला आधी सांगायला हवं होतं.

"हडपसर!" ते म्हणाले. "आमचे यशवंतराव येऊन गेलेत की तिथे. 1802. दिवाळीत."

यशवंतराव म्हणजे होळकर. त्यांनी दिवाळीच्या ऐन दिवसांत हडपसरजवळ दुसऱ्या बाजीरावाच्या आणि शिंद्यांच्या फौजेचा धुव्वा उडवला आणि पेशवे पुणे सोडून पळाले ते पळता पळता वसईला पोहोचले, हे मलाही माहीत होतं. पण काका ते अशा सुरात सांगत होते, की गेल्या आठवड्यातली गोष्ट असावी आणि मी त्या वेळी बाल्कनीत उभा असावा. "आणि का आले? तर त्यांच्या भावाला, विठोजीरावांना, तुमच्या पुण्यात हत्तीच्या पायी दिलं म्हणून," असं म्हणत त्यांनी माझ्या बशीत तिसऱ्यांदा पोहे वाढले. मी मुकाट्यानं खाल्ले. हत्तीपेक्षा हे बरं.

माझी इंदूरची यादी एका ओळीची होती: राजवाडा बघायचा. होळकरांचा सात मजली वाडा, खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी. एवढाच. पण इंदूरमध्ये एक अडचण आहे. इथे प्रेक्षणीय स्थळ ही दोन खाण्यांच्या मधली जागा असते, आणि ती जागा फार अरुंद असते. पहिल्या दिवशी सकाळी राजवाड्याला निघालो तर वाटेत कचोरी लागली. दुपारी निघणार होतो तर मावशींनी पुरणपोळी केलेली. पुरणपोळीनंतर माणूस राजवाडा बघत नाही, छत बघतो. संध्याकाळी छप्पन दुकान. नावाप्रमाणे छप्पन्न दुकानांची ही रांग. तिथं मला सुटकेचा एक मार्ग सुचला. म्हटलं, पोटाला विश्रांती म्हणून नुसती शिकंजी घेऊ या. आपल्याला शिकंजी म्हणजे लिंबू, मीठ, पाणी. पचायला उत्तम.

इंदूरची शिकंजी आटवलेल्या दुधाची असते. दाट, केशरी, आत बदाम-पिस्ते. ती प्यावी की चावावी याचा निर्णय होईपर्यंत काकांनी दुसरा पेला सांगितला होता.

राजवाडा मी पहिल्यांदा पाहिला तो त्याच रात्री दहा वाजता, बाहेरून, दरवाजा बंद असताना. कारण सराफा त्याच्या मागेच आहे.

सराफ्याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण माझा खरा पाडाव तिथे झाला. दिवसा ही सोन्याचांदीची पेठ. रात्री सराफ दुकानं बंद करून जातात आणि त्यांच्याच ओट्यांवर कढया चढतात, त्या मध्यरात्र उलटून जाईपर्यंत उतरत नाहीत. रात्री वर्दळ राहिली की चोराची भीती नाही, म्हणून सराफांनीच हे चालू दिलं, असं काका म्हणाले. मला पटलं. त्या गल्लीत शिरलेला चोर काही चोरून पळू शकेल अशा स्थितीत बाहेर पडणंच शक्य नाही.

सुरुवात भुट्ट्याच्या किसानं झाली. कोवळा मका किसून, परतून, दुधात शिजवलेला, वर खोबरं आणि लिंबू. मग गराडू. हा थंडीतला कंद. तळायचा, तुकडे करायचे, पुन्हा तळायचे, वर लिंबू पिळायचं आणि अर्थातच जीरावन. बाहेरून खरपूस, आतून लोण्यासारखा. मग साबुदाण्याची खिचडी, जिच्यावर चिवडा-मसाल्याचा असा मारा होता की उपासाचं पुण्य लागलं असतं तरी लगेच फिटलं असतं. मग दहीवडेवाला. त्यानं दहीवड्याचा द्रोण सरळ डोक्यावर उडवला. मी दोन पावलं मागे. द्रोण गिरकी घेत वर गेला, खाली आला आणि थेंबही न सांडता त्याच्या हातात बसला. मग त्यानं एकाच चिमटीत चार-पाच मसाले घेतले आणि एकेक वेगळा करून सोडला: आधी मीठ, मग तिखट, मग जिरं. ही चिमूट मी अजून विसरलेलो नाही. आयुष्यभर हिशेब लिहून मला दोन खाती अशी वेगळी ठेवता आलेली नाहीत.

आणि मग जलेबा.

जलेबा म्हणजे जिलेबीच, पण घरातल्या कर्त्या पुरुषासारखी. तो नगावर नाही, तोलून विकतात. काकांनी एक अख्खा माझ्यासमोर धरला. अर्धा मी संपवला. उरलेल्याकडे बघताना डोळ्यांत पाणी आलं. काका पैसे द्यायला वळले त्या क्षणी मी तो कागदी रुमालात गुंडाळून जाकिटाच्या खिशात घातला.

इतर कुठल्याही शहरात ही गोष्ट इथेच संपली असती. पण इंदूर 2017 पासून स्वच्छतेत देशात पहिला नंबर धरून बसलंय, आणि तो नंबर तिथल्या माणसांनी मनावर घेतलाय. रस्त्यावर कागदाचा कपटा नाही. असा पाकातला जलेबा फेकायचा तर शंभर माणसं वळून बघतील. मी तो घरी आणला. रात्री एक वाजता चोरपावलांनी स्वयंपाकघरात गेलो. तिथे कचऱ्याचे इतके वेगवेगळे डबे होते की मी अंधारात त्यांच्यापुढे परीक्षेला बसल्यासारखा उभा राहिलो. ओला वेगळा, सुका वेगळा, प्लास्टिक वेगळं, घातक वेगळं. जलेबा यातलं काय? रुमाल सुका, पाक ओला, आणि माझ्यापुरता विचार केला तर पदार्थ घातक. शेवटी तो परत खिशात घातला.

सकाळी कचरागाडी गाणं वाजवत आली. मी धावत जाऊन पुडी तिच्यात टाकली. गाडीवरच्या माणसानं ती उचलली, उघडली, माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "भिया, ये गीले में जाएगा."

मागे फाटकात मावशी उभ्या होत्या.

मला वाटलं, आता संपलं. पण मावशींचा चेहरा फुलला. "अहो ऐकलंत का," त्यांनी आत हाक दिली, "जावईबापूंना जलेबा इतका आवडला, खिशात घालून आणला होता! लाजून राहिले बिचारे." तासाभरात काका अर्धा किलो घेऊन आले.

त्या दुपारी मी बायकोबरोबर तह केला. बाजीरावानंही वसईला जाऊन इंग्रजांशी तोच केला होता. लढवेनासं झालं की तिसऱ्याची फौज बोलवावी. अटी अशा: माझ्या ताटातलं निम्मं तिनं डोळा चुकवून उचलायचं, मोबदल्यात मी तिला महेश्वरी साडी घ्यायची. तिनं कबूल केलं. फक्त साडीच्या जागी दोन साड्या लिहून घेतल्या. वसईच्या तहात बाजीरावाचं जे झालं तेच.

दुसऱ्या दिवशी काच मंदिर बघितलं. सेठ हुकुमचंदांनी बांधलेलं हे जैन मंदिर म्हणजे भिंती, खांब, छत, सगळीकडे काचाच. इतर लोक त्यात देवाची असंख्य रूपं बघत होते. मला जिकडेतिकडे माझं पोट दिसलं. एकूण किती ते मोजलं नाही. पाप्यांना मेल्यावर काय काय भोगावं लागतं याची चित्रंही तिथे आहेत. ती मी फार बारकाईनं पाहिली, पण आग्रह करणाऱ्यांसाठी वेगळी सोय कुठे आढळली नाही. खजराण्याच्या गणपतीलाही गेलो. तिथे नवस बोलताना देवळाच्या मागे उलटं स्वस्तिक काढतात आणि नवस फळला की येऊन सुलटं. मीही काढलं. काय मागितलं ते सांगत नाही, पण बाहेर पडताच काकांनी हातात लाडवाची पुडी ठेवली, तेव्हा सुलटं काढायला परत यायची गरज नाही हे कळलं.

तिसऱ्या दिवशी, रात्रीच्या बसच्या आधी, मी हट्टाला पेटलो. राजवाडा. आत्ता. उपाशीपोटी. काका हसले आणि खांद्याला पिशवी अडकवून निघाले.

तर राजवाडा खरंच बघण्यासारखा आहे. ते अवाढव्य लाकडी दार, त्यावरचे खिळे, मान मोडेपर्यंत वर बघावं असे सज्जे. 1984 च्या आगीत बरंच जळालं, मग पुन्हा बांधलं. आतल्या चौकात मी पायरीवर बसलो. तीन दिवसांत पहिल्यांदा समोर ताट नव्हतं.

"1801 साली सर्जेराव घाटग्यांनी हे सगळं शहर लुटलं," काका शेजारी बसत म्हणाले. "कोणासाठी? दौलतराव शिंद्यांसाठी. ते त्यांचे कोण? जावई!"

इंदूर आणि जावई यांचं हे असं जुनं दुखणं असेल याची मला कल्पना नव्हती.

"पण काका," मी म्हणालो, "पुढच्याच वर्षी यशवंतराव हडपसरला आले. जिंकले. म्हणजे फिटलं की सगळं."

"मुद्दल फिटलं," काका म्हणाले आणि पिशवीत हात घालून त्यांनी खोपरा पॅटिसचा डबा काढला. अजून गरम होता.