पिवळा संपला

परवा रात्री मला अंतराळात जायची संधी मिळाली आणि यान सुटायच्या आतच माझा चेहरा पडला. यान भाचीनं बांधलं होतं: दोन खुर्च्या, वर चादर आणि सुकाणू म्हणून पातेल्याचं झाकण. नियम एकच, प्रत्येक अंतराळवीर म्हणजे एक रंग. ती स्वतः कॅप्टन लाल. तिची मैत्रीण शास्त्रज्ञ निळी. मैत्रिणीचा चार वर्षांचा भाऊ हिरवा. कोणी काही बोललं की 'धडाम' म्हणायचं, एवढंच त्याचं काम. मी आपला साधा पिवळा मागितला.

"पिवळा संपला," कॅप्टन म्हणाली.

"संपला कसा? तिघंच तर आहात."

"टेडीला दिला. तो पायलट आहे."

"धडाम!"

पायलटला एकच डोळा होता. तरी मी गप्प राहिलो. "बरं, मग मी कोण?"

तिनं माझ्या डोक्याकडे पाहिलं. गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ पाहिलं. "मामा, तू राखाडी."

"राखाडीची शक्ती काय?"

"त्याला शक्ती नसते. तो पिशवी धरतो."

अपमान झाला की काही माणसं भांडतात, मी ज्ञान पाजळतो. म्हटलं, ताऱ्यांमध्ये लाल तारे थंड आणि निळे सगळ्यांत तापलेले, तेव्हा खरं तर कॅप्टन निळी हवी. शास्त्रज्ञ निळीचे डोळे चमकले. "मामा, भांडणं लावू नकोस," लाल म्हणाली. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मी पुढे म्हणालो की हिरवा तारा तर आकाशात दिसतच नाही. त्याचं कारणही मी सांगणार होतो. हिरव्यासोबत बाकीचे रंगही ताऱ्यातून बाहेर पडतात आणि सगळे मिसळून डोळ्याला पांढरं दिसतं. पण हिरव्यानं फक्त 'हिरवा नाही' एवढंच ऐकलं आणि भोकाड पसरलं. हुंदक्यांच्या मध्ये मात्र 'धडाम' चुकलं नाही. आतून ताई ओरडली, "अरे, तू लहान आहेस का?"

हुकमाचा एक्का अजून हातात होता. 2002 साली खगोलशास्त्रज्ञांनी दोन लाखांहून जास्त दीर्घिकांच्या प्रकाशाची सरासरी काढून विश्वाचा रंग ठरवला. आधी फिकट फिरोजी जाहीर केला, मग संगणकातली चूक सापडली आणि उत्तर निघालं मळकट सायीसारखं. "म्हणजे अख्खं विश्व जवळजवळ माझ्याच रंगाचं!" मी म्हणालो.

कॅप्टननं विचार केला. "म्हणजे हिशोब चुकला म्हणून तू आलास?"

मी पिशवी धरली.

खलनायक अर्थातच काळा. त्यासाठी माणूससुद्धा लागला नाही, खुंटीवरची छत्री पुरली. हे मात्र मला खुपलं, अजून खुपतंय. ज्या अंतराळात जिकडे पाहावं तिकडे काळंच, तिथेही काळा तेवढा दुष्ट? हे पोरांना कोण शिकवतं, असं विचारायला तोंड उघडलं आणि आठवलं: काळी यादी, काळा बाजार, तोंड काळं कर. घरात उठताबसता आपणच तर बोलतो. खेळण्यांच्या खोक्यांवर गोरा-गुलाबी वीर आणि काळा राक्षस छापणाऱ्यांना मग काय बोलणार? आणि 'काळ्याला ठार करा' म्हणून किंचाळणारी ही पोर माझ्यासारखीच सावळी. ते तिच्या ध्यानात आलेलं नाही. कधी येईल आणि कोण आणून देईल, या विचारानं माझ्या पोटात गोळा येतो.

असो. यान मंगळावर उतरलं. "लाल ग्रह, माझा ग्रह!" कॅप्टन म्हणाली. मला राहवलं नाही. म्हटलं, तो लाल दिसतो कारण तिथल्या मातीतलं लोखंड गंजलंय.

मला यानातून उतरवण्यात आलं. पिशवीसकट.

काल मी गुपचूप कलप लावला. निदान पुढच्या मोहिमेत टेडीच्या बरोबरीनं तरी बसवतील. संध्याकाळी कॅप्टन आली, पुन्हा डोक्याकडे बराच वेळ पाहिलं आणि आनंदानं आत वळून ओरडली,

"छत्री नको आता! व्हिलन मिळाला!"