स्वस्त म्हणे हॅलिफॅक्स!

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरचं, नोव्हा स्कोशिया प्रांतातलं आमचं हॅलिफॅक्स स्वस्त आहे, हे वाक्य यापुढे माझ्यासमोर कुणी उच्चारू नका. टोरंटोत राहणाऱ्यांनी तर अजिबातच नको. दर वेळी तेच. मी भाड्याचा आकडा सांगायचा आणि पलीकडून समजुतीचा सूर, "अगं, पण आमच्यापेक्षा बरंच आहे की!" बरंच कसलं डोंबल. तुमच्याकडे भाडं जास्त, तसे पगारही जास्त. एक नोकरी सोडली तर दुसरी मिळायची शक्यता तरी आहे. इथे माझ्या कामाच्या मोजून दोन-तीन कंपन्या, आणि त्यांचे मॅनेजर एकमेकांना नावानिशी ओळखतात. पगार वाढवून मागायचा तरी कुणाच्या जोरावर?

पुण्यातले व्हिसा कन्सल्टंट तर अजून दहा वर्षांपूर्वीच्याच हॅलिफॅक्समध्ये राहतात. "ईस्ट कोस्टला पाठवा मुलाला, खर्च निम्मा." निम्मा? कॅनडाच्या केंद्र सरकारने १ जानेवारी २०२४ पासून, विद्यार्थ्याने व्हिसा मागताना वर्षभर राहण्या-खाण्यासाठी दाखवायची रक्कम १०,००० कॅनेडियन डॉलरवरून एकदम २०,६३५ वर नेली. राजधानी ओटावातल्या बाबू लोकांना कळलं, कन्सल्टंटना नाही. मग ती पोरं इथे येतात, क्लेटन पार्क वस्तीत एका बेसमेंटमध्ये पाच-पाच जण गाद्या टाकून राहतात आणि आईला फोनवर सांगतात, छान आहे सगळं.

हिशेबच करू. ऑक्टोबर २०२५मध्ये इथलं किमान वेतन तासाला १६.५० डॉलर झालं. आठवड्याला चाळीस तास, वर्षभर एकही सुट्टी न घेता राबलं तर महिन्याला २,८६० डॉलर. कर कापायच्या आधी. आता शहरात दोन हजारांच्या खाली दोन बेडरूमची धड जागा शोधून दाखवा, जिच्या खिडक्यांतून वारा येत नाही आणि सिंकखालून पाणी गळत नाही. मिळाली तर मलाही कळवा, मी सामान बांधूनच बसलेय. आणि कराचं म्हणाल तर या प्रांताने २०२४ संपेपर्यंत प्राप्तिकराचे टप्पे महागाईबरोबर वाढवलेच नव्हते. तोवर पगार महागाईपुरता वाढला तरी तुम्ही 'श्रीमंत' झालात म्हणून वरचा टप्पा.

पण माझा खरा राग भाड्यावर आहे, आणि त्यातही भाडं किती यापेक्षा ते कुणाला किती, यावर.

कोविडमध्ये टोरंटोच्या ऑन्टारियो प्रांतातल्या लोकांनी तिकडची घरं विकली आणि व्हिडिओवर बघून इथली घेतली. त्यांना ती फुकट वाटली असणार. मग विद्यार्थी आले, आमच्यासारखे आले. मी काही तक्रार करायला मोकळी नाही, मीही त्या गर्दीतलीच. पण घरं कुठे होती? २०२१, २०२२, २०२३, सलग तीन वर्षं भाड्याच्या शंभर घरांमागे एक रिकामं. सरकारने नोव्हेंबर २०२०मध्ये भाडेवाढीला दोन टक्क्यांची मर्यादा घातली, २०२४पासून ती पाच टक्के केली आणि आता २०२७च्या अखेरपर्यंत चालू ठेवली आहे. ऐकायला काय छान वाटतं! पण ही मर्यादा भाडेकरूला आहे, घराला नाही. तुम्ही बाहेर पडलात की मालक पुढच्याला वाटेल तो आकडा सांगू शकतो. मग तुम्हाला बाहेर कसं काढायचं? त्यासाठी फिक्स्ड-टर्म लीज. ठरलेल्या तारखेला करार संपला, विषय संपला. नूतनीकरण करायलाच हवं असं काही नाही.

मुंबईत अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर दिवस काढलेल्यांना हा खेळ नव्याने समजावून सांगायला नको. मुंबईत एकाच चाळीत पागडीवाला शे-दोनशे रुपये भरतो आणि शेजारच्या खोलीत लायसन्सवाला पगाराचा अर्धा हिस्सा ओततो. सात समुद्र ओलांडून आले ते पुन्हा त्याच चाळीत. माझ्या समोरच्या दारात एक म्हातारी बाई राहते. तेवढीच जागा, तेच गळके नळ, आणि माझ्या निम्म्याहून कमी भाडं. तिचा मला राग नाही. मी नसते तर त्या मालकाने तिला केव्हाच हाकललं असतं, असं ती स्वतःच म्हणते. आमच्यासारख्यांच्या भाड्यावर त्याचं भागतं. बिचारीचे गुडघे गेलेत, जिना चढवत नाही, मुलगा म्हणतो लिफ्टच्या इमारतीत जा. जाईल कशी? उठली की जागा गेली. ती अडकलेली, मी टांगलेली, आणि मालक म्हणतो त्यालाही परवडत नाही.

बरं, हा न्याय भाड्यापुरताच नाही. मालमत्ता कराचंही तेच. इथे आपल्या घराचं करपात्र मूल्य महागाईच्या दरापेक्षा जास्त वाढू देत नाहीत. चांगली गोष्ट, म्हाताऱ्या माणसांना घर विकावं लागू नये म्हणून आणलेली. पण घर परक्याला विकलं की मर्यादा उठते आणि नव्याला आजच्या बाजारभावाने कर. पोराला, नातवाला दिलं तर मर्यादा तशीच पुढे चालू. म्हणजे एकाच गल्लीत, सारख्याच घराला, पलीकडचा जुना माणूस जेवढा कर भरतो त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त नवा भरणार. आणि मोठ्या अपार्टमेंट इमारतींना ही सवलत नाहीच, कारण ती चारपेक्षा कमी घरांच्या मालमत्तेलाच आहे. त्या इमारतींचा वाढीव कर मालक काय खिशातून भरतो? तो माझ्या भाड्यात बसलाय. शहर जुन्यांसाठी सगळीकडून उबदार गोधड्या शिवतं आणि कापड नव्यांचं फाडतं.

घरी फोनवर हे सांगायला गेलं की आत्या म्हणते, "जाऊ दे गं, समुद्र आहे ना जवळ, मासे तरी मिळत असतील." आत्या, मासे! मी रत्नागिरीची, मिरकरवाड्याच्या जेट्टीवर भाव करत वाढले. मला वाटलं होतं, बंदराचं शहर आहे, सगळ्यांच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर समुद्राची जाहिरात आहे, आणखी काही नाही तरी ताटात मासा असेल. इथली शेवंड जिवंतपणी विमानात बसते आणि परदेशी जाते. तिने जितका प्रवास केलाय तितका माझ्या आख्ख्या खानदानाने केला नाही. उरलेलीचा भाव पर्यटकांना बघून. बांगड्याचा इथला भाऊबंद, त्याची व्यावसायिक मासेमारी साठा खालावला म्हणून २०२२मध्ये बंदच केली. ते कारण पटतं मला, समुद्र रिकामा करून कुणाचं भलं झालंय. पण मग मी खाते काय, तर कुठल्या कुठून बर्फात आलेली सुरमई, जिला तव्यावर टाकली की पाणी सुटतं. तीही महिन्यातून एकदा, कुणी आलं-गेलं तर.

किराण्याबद्दल थोडक्यातच सांगते, नाहीतर रक्तदाब वाढेल. देशभर मोजक्या कंपन्या, त्यातल्या दोन या शहरात समोरासमोर, आणि दोघींकडे टोमॅटोचा भाव बहिणी-बहिणींसारखा. संशय घेतला की लोक म्हणतात, तुम्ही फार विचार करता. अहो, २०१७मध्ये देशातल्या सगळ्यात मोठ्या किराणा कंपनीने स्वतः कबूल केलं की २००१पासून पावाचे भाव संगनमताने वाढवले जात होते. पाव! गरिबाच्या घरातली शेवटची गोष्ट. तेव्हा भरपाई म्हणून काय दिलं, तर पंचवीस डॉलरचं कार्ड, जे त्यांच्याच दुकानात खर्च करायचं. आणि विक्रीकराचे नियम ऐका. पाच डोनट घेतले तर कर लागतो, सहा घेतले तर लागत नाही. सहा घेतले तर तो 'किराणा', पाच घेतले तर 'चैन'. एकट्या माणसाने एक डोनट खाल्ला तर ती बहुधा अय्याशी असावी.

थंडीत वीज. जुन्या इमारतींत भिंतीच्या कडेने लावलेले इलेक्ट्रिक हीटर, जे खोली कमी आणि मीटर जास्त तापवतात. बिल दोन महिन्यांनी येतं, म्हणजे जानेवारीचा धक्का मार्चमध्ये बसतो. वीज कंपनी एकच. १९९२पर्यंत ती प्रांताच्या मालकीची होती, मग विकून टाकली. आता भागधारकांना लाभांश मिळतो आणि आम्हाला वादळानंतर मेणबत्त्या. मुलगी घरात टोपी घालून अभ्यास करते.

सरकारने काहीच केलं नाही असं मात्र म्हणता येणार नाही हं. मार्च २०२५मध्ये बंदरापलीकडच्या डार्टमथला जाणाऱ्या दोन्ही पुलांचा टोल काढला. माझ्याकडे गाडी नाही. एप्रिलमध्ये विक्रीकर पंधरावरून चौदा टक्के केला. घरभाड्यावर तो कर मुळातच नव्हता, तेव्हा जिथे पगार जातो तिथे सुटका शून्य. आणि ज्यांना छप्परच परवडेना, त्यांनी तंबू लावले, तेव्हा ऑगस्ट २०२१मध्ये पोलिसांनी ते उखडले. मग महापालिकेनेच काही बागा-मोकळ्या जागा तंबूंसाठी अधिकृत ठरवून दिल्या. अटलांटिकच्या काठावर, उणे पंधरात, तंबूचा अधिकृत पत्ता. क्रेन मात्र शहरभर उभ्या आहेत. इमारती होतायत, होतायत, आणि झाल्या की खाली पाटी लागते 'लक्झरी'. लक्झरी म्हणजे काय, तर भांडी धुवायचं मशीन आणि लॉबीत एक सोफा, ज्यावर कुणी कधी बसलेलं मी पाहिलं नाही.

काल मालकाचा ईमेल आला. करार संपतोय, नवा हवा असेल तर तोही फिक्स्ड-टर्मच, आणि खाली एक ओळ, 'सध्याचा बाजारभाव लक्षात घेता'. नवरा म्हणाला, सही करून टाक, हिवाळ्यात कुठे जाणार. करणारच आहे. पण त्याआधी त्या सिंकखालचा नळ दुरुस्त कर म्हणून तीन ओळींचं उत्तर पाठवलंय, अगदी गोड भाषेत, 'काइंड रिगार्ड्‌स'सकट. अजून उत्तर नाही. बादली भरत आली, ती ओतून येते.